किंचित वाढ

दि. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझी भिंत पूर्ण झाली, अभिनंदन. तिथे मुख्य कचेरीत बसून तू कागदावर जी रेघ ओढलीस, ती आमच्या दारासमोर चार मीटर उंच उभी आहे. रेघ सरळ आली आहे, हे मी पुस्तकं बांधणारी बाई छातीठोकपणे सांगू शकते. तीस वर्षं दुकानाच्या दारात बसून काम केलं. मान वर केली की नदी दिसायची. आता भिंत दिसते, आणि तिच्यावर नगरपालिकेने नदीचं चित्र काढून घेतलंय. चित्रातली नदी निळीशार आहे. खरी कधीच निळी नव्हती, पण चित्रकार आला तोवर भिंत उभी राहिलेली, त्यामुळे त्याला बिचाऱ्याला ती दिसली नसावी.

उद्घाटनाला तुझे साहेब आले होते. या शहराचा आणि पुराचा आता कायमचा काडीमोड झाला, असं ते पाऊण तास सांगत होते. मग नगराध्यक्ष उठले. भिंतीमुळे नागरिकांना नदी दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून त्यांनी बरोबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी सहा मीटरची फट ठेवून घेतली आहे. तिचं नाव नदीदर्शन-द्वार. तुझे भावोजी म्हणाले, पूर अडवायला भिंत बांधायची आणि तिला दार ठेवायचं, तर मग पुराला पत्ताही कळवून टाका. जवळच्या चार जणांनी मागे वळून बघितलं.

एक मात्र बरं झालं. माझ्याकडे छापील पानांचे फर्मे शिवायला येणारी सुईबाई समोरच्या काठावरून दोराच्या नावेने येते, तिला त्या फटीतून उतरता येतं. नाहीतर तिला पुलाला वळसा घालून दीड तास चालावं लागलं असतं.

फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून पत्र लिहिलं. पत्रात नुसतं हं लिहायची तुला लाज वाटेल अशी आशा आहे. वहिनीला आशीर्वाद. माया आहे ती आहेच, तिला भिंत घालू नकोस.

तुझी,
ताई


दि. २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं आणि शिपायाने ते तक्रारींच्या खोक्यात टाकलं. वाचल्यावर मला वाटलं, त्याचं फारसं चुकलं नाही.

भावोजींना सांग, फट उघडी राहणार नाही. तिच्यासाठी आठ लोखंडी फळ्या दिल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या खाचांत त्या एकावर एक उतरवायच्या. नदीची पातळी पट्टीवर पाच मीटरला पोचली की आमच्याकडून लेखी आदेश निघतो, आणि आदेश निघाला की फळ्या लागतात. फक्त एक पाळायला हवं. पाणी फळीच्या वरून वाहायला लागण्याआधी पुढची फळी बसली पाहिजे. एकदा धार सुरू झाली की ती फळीला खाचेत बसूच देत नाही, उचलून फेकते.

भावोजींनी अठ्ठावीस वर्षं ज्या पट्टीवर पाणी मोजलं, ती बांधकामाच्या आड येत होती म्हणून काढली होती, हे मला ठाऊक आहे. ते त्यांच्या मनाला लागलं हेही ठाऊक आहे. पण आता नवी, रंगवलेली पट्टी भिंतीवरच बसवली आहे. निवृत्त माणसाने तिची काळजी सोडावी, असं त्यांना माझ्या वतीने जरा गोड करून सांग.

दोघांच्या पायांवर डोकं. तुझा राग पोचला, आता आशीर्वादही पोचू दे.

तुझा,
धाकटा


दि. ८ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा निरोप गोड करून सांगितला. ते उठले, चप्पल घातली आणि नवी पट्टी बघायला गेले. परत आले ते हसत. इतकं हसताना मी त्यांना निवृत्तीच्या समारंभातसुद्धा पाहिलं नव्हतं. धाकट्या, पट्टी भिंतीवरच बसवली आहे, पण भिंतीच्या आतल्या बाजूला. आमच्या बाजूला. माझ्या दुकानापासून दहा पावलांवर. तिथे कुत्रं बसतं.

भावोजींच्या जागी आलेला नवा पट्टीवाला रोज सकाळी आठला येतो, कुत्र्याला हाकलतो, वाकून बघतो आणि वहीत शून्य लिहितो. मुलगा सालस आहे. भावोजींनी त्याला विचारलं की नदी पलीकडे असताना तू अलीकडे काय मोजतोस. तो म्हणाला, मला पट्टी वाचायला नेमलंय, नदी वाचायला नाही.

आता तुझ्या आठ फळ्या. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना बसायला बाकं कमी पडली म्हणून त्या विटांवर ठेवल्या होत्या. नंतर उद्यान विभागाने त्या बागेत नेल्या. दुपारी म्हातारे त्यांच्यावर बसतात. भावोजींनी जाऊन एकेकीच्या पोटाला खडूने एक ते आठ आकडे घातले आणि कुठली फळी कुठल्या झाडाखाली आहे, ते लिहून ठेवलं.

एक कामाचं विचारायचं आहे. तुमच्या खात्याने 'पूरमुक्त शहर' नावाच्या अहवालाच्या दोनशे प्रती माझ्याकडे बांधायला पाठवल्या आहेत. सुईबाईची खोड तुला माहीत आहे, जे शिवते ते वाचते. दोनशे चौदाव्या पानावर लिहिलंय की भिंतीमुळे पुराच्या वेळी समोरच्या काठावर पातळीत किंचित वाढ संभवते. तिचं घर समोरच्याच काठावर. ती मला विचारत होती, किंचित म्हणजे किती? मी म्हटलं, लिहिणाऱ्यालाच विचारते. तर विचारलं.

उत्तर लवकर दे. आशीर्वाद हातचे राखून ठेवलेले नाहीत.

तुझी,
ताई


दि. १७ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टीबद्दल वाचलं. लगेच साहेबांकडे गेलो. त्यांनी मला त्यांच्या भिंतीवरचा आलेख दाखवला. मार्चपासून नदीची पातळी एकसारखी शून्य आहे. भिंत बांधल्यापासून नदीच्या वागणुकीत झालेली ही सुधारणा, असं ते म्हणाले, आणि इतर शहरांतून लोक ती बघायला येणार आहेत. मी सांगितलं की पट्टी कोरड्या बाजूला आहे. ते म्हणाले, मग ती चांगली टिकेल. पट्टी हलवण्याचा प्रस्ताव मी तरीही पाठवला आहे. त्यावर 'पातळी वाढल्यास विचार व्हावा' असा शेरा आला.

फळ्यांसाठी उद्यान विभागाला लिहिलं. त्यांनी उलट विचारलंय की फळ्या नेल्या तर म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे.

सुईबाईंना सांग, किंचित म्हणजे किंचितच. अहवालाची भाषा असते तशी.

थोडक्यात आटोपतो. मोठ्यांनी छोट्यांवर लोभ करायचा असतो, तो चालू ठेव.

तुझा,
धाकटा


दि. २ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वि. वि. आम्ही सगळे धडधाकट आहोत. परवा फोनवर तुला निम्मं ऐकू आलं नसेल, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

शनिवारी सकाळी उठलो तेव्हा पाणी फटीच्या उंबऱ्याशी होतं. वर कुठेतरी दोन दिवस कोसळत होता. आठला पट्टीवाला छत्री घेऊन आला. भावोजींनी त्याला दंडाला धरून फटीपाशी नेलं आणि पाणी दाखवलं. तो पांढराफटक पडला. पण परत येऊन त्याने पट्टी पाहिली, ती कोरडी. म्हणून त्याने शून्य लिहिलं आणि तसं कळवलं. मग मी तुला फोन केला. तू म्हणालास की वहीत शून्य असताना आदेश निघूच शकत नाही. आणि मग म्हणालास, आदेश गेला खड्ड्यात, माझ्या शब्दावर फळ्या लावा. तेवढ्यासाठी तुला शंभर गुन्हे माफ.

सगळी गल्ली बागेत धावली. शिंपी, बेकरीवाला, त्याची सासू. चौथ्या फळीवर एक म्हातारा-म्हातारी भर पावसात छत्रीखाली भांडत बसली होती. ती उठेनात, तेव्हा त्यांना फळीसकट उचललं. भावोजी खडूचे आकडे बघून एकेक फळी हाक मारून मागत होते. तो माणूस दोन वर्षांत पहिल्यांदा कामावर गेल्यासारखा दिसला मला. पाच फळ्या बसल्या.

आणि तेव्हा समोरून नाव निघाली. समोरचा काठ बुडत होता. त्यांच्या मागच्या शेतांतही पाणी शिरलेलं, जायला दुसरी वाटच नाही. दोर धरून सगळे इकडे येत होते आणि उतरायला जागा एकच, आमची फट. नावाड्याने एक खेप फळीवरून आत उतरवली आणि सांगितलं, अजून तीन खेपा आहेत. पाणी पाचव्या फळीच्या वरच्या काठाला टेकलं होतं.

मी पुन्हा तुला फोन केला. त्या वेळी तू जे म्हणालास ते इथे लिहीत नाही. तुला आठवत असेल. मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन सांगितलं की थांबायचं आहे. कोण म्हणालं ते कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चाळीस मिनिटं थांबलो. शेवटच्या खेपेला सुईबाई होती, कारण तिने शेजारच्या लंगड्या आजोबांना आणि बाळंतिणीला आधी पाठवलं होतं. ती उतरली तेव्हा पाचव्या फळीवरून चार बोटं धार वाहत होती. सहावी फळी खाचेत बसेना, तू सांगितलं होतंस तसंच. वर उचलली जायची. मग अकरा माणसं तिच्यावर लोंबकळली. पट्टीवाल्याने सरकारी वही माझ्या हातात दिली, बूट काढले आणि तोही चढला. फळी खट्‌दिशी बसली. त्यानंतरच्या दोन सोप्या गेल्या. दुपारी पाणी सातव्या फळीच्या मध्यावर होतं.

सदतीस माणसं आत आली. गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं. माझ्या दुकानात 'पूरमुक्त शहर'च्या दोनशे प्रती भिजून त्यांचा एकच लगदा झालाय. आणि तुमची पट्टी शेवटी ओली झाली. पट्टीवाल्याने वाकून पाहिलं आणि भरल्या आवाजात सांगितलं, चाळीस सेंटीमीटर.

समोरच्या काठावर एकही घर उभं नाही. सुईबाई आमच्या माळ्यावरच्या खोलीत आहे.

तुला बरंच काही लिहायचं असेल. सवडीने लिही. आशीर्वाद आहेत.

तुझी,
ताई


दि. १४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चौकशी लागली आहे. माझ्यावर दोन आरोप आहेत. पहिला असा: नोंदवहीनुसार त्या दिवशीची कमाल पातळी चाळीस सेंटीमीटर होती, म्हणजे पूर आलाच नाही, तरी मी आदेशाविना द्वार बंद करवलं. दुसरा असा: द्वार चाळीस मिनिटं उशिरा बंद केल्यामुळे पुराचं पाणी आत शिरून शासकीय अहवालांचं नुकसान झालं. दोन्ही एकदम खरे कसे असतील, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही फायली वेगळ्या आहेत.

मी लेखी उत्तर दिलं. फळ्या माझ्या सांगण्यावरून लावल्या, आणि शेवटच्या खेपेपर्यंत थांबायलाही मीच सांगितलं होतं, असं लिहिलं. पहिलं खरं आहे. दुसरं खोटं आहे, हे तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या फोनवर मी ओरडून म्हणालो होतो की कोणासाठी थांबू नका, बाहेर कोणी असलं तरी फळी टाका. चौकशी समितीने थांबल्याचा जाब तुला आणि भावोजींना विचारू नये, म्हणून ते मी अंगावर घेतलं. पण लिहून झाल्यावर त्यात मी किती चांगला दिसतो, ते माझ्या लक्षात आलं.

आणखी एक. दोनशे चौदाव्या पानावर मी आधी आकडा लिहिला होता. एक मीटर दहा सेंटीमीटर. साहेब म्हणाले, आकड्याने लोक घाबरतात, शब्द घाला. मी आकडा खोडला आणि 'किंचित' लिहिलं. शब्द त्यांनी सुचवला नव्हता. माझाच.

जुलैत तू विचारलंस तेव्हा सांगू शकलो असतो.

यापुढे लोभ मागायला हात धजत नाही. भावोजींना साष्टांग.

धाकटा


दि. २३ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं. भावोजींना दाखवलं नाही.

इथे भलतंच झालंय. तुझं समितीला दिलेलं उत्तर वर्तमानपत्रात छापून आलं. पट्टीवाल्याने ते माळ्याच्या जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचलं. तेव्हापासून सुईबाई तुला देवमाणूस म्हणते. धाकट्या साहेबांनी आमच्यासाठी नोकरी पणाला लावली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. काल तिने विचारलं की साहेबांना चहात साखर किती लागते, ते आले की मीच करणार.

समितीशी खोटं बोललास त्याचं मला सुतक नाही. त्यांना खरं काय करायचंय? पण ही रोज माझ्यासमोर बसून सुई ओवते, आणि मी खळ ढवळत खाली बघत राहते. तीस वर्षांत तिच्यापासून मी काही लपवलेलं नाही. तुझं ओझं आहे, कुठे ठेवायचं ते तूच सांग.

तब्येत सांभाळ. कान उपटायचा हक्क आणि जवळ घ्यायचा हक्क दोन्ही शाबूत आहेत.

तुझी,
ताई


दि. १ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. साहेबांना भिंत टिकल्याबद्दल बढती मिळाली. मला शिक्षा म्हणून तीन महिने समोरच्या काठावर पाहणीसाठी पाठवत आहेत. तिकडेही संरक्षण हवं का, ते ठरवायचं आहे. तिथे जायला कोणी तयार नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत खातं मला पहिल्यांदा नदी बघायला पाठवतंय, आणि तीही शिक्षा म्हणून. चौदा तारखेला, सोमवारी पहाटे पोचतो.

सुईबाईंना मी यायच्या आत सगळं सांग. फोनवरचं आणि पान दोनशे चौदाचंही. काही मऊ करू नकोस. खरं न कळता त्या मला जो चहा देतील, तो मला घशाखाली उतरायचा नाही.

मला सांगायचं धाडस नाही म्हणून तुला सांगायला लावतोय, हे समजतंय. रागावलीस तरी चालेल.

तुझा,
धाकटा


दि. ५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वि. वि. सांगितलं. आज सकाळी, दुकानात, आम्ही दोघीच होतो. तू लिहिलंस तसंच सांगितलं, मऊ केलं नाही. मग कपाटातून तुझं पत्र काढून तिच्यासमोर ठेवलं, कारण ती वाचल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही.

तिने हातातला फर्मा पुरा शिवला. गाठ मारली, दोरा तोडला, मग पत्र घेतलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी खळीचं भांडं उगाच तीनदा धुतलं.

मग ती म्हणाली की फोनवर बोललेलं मी धरत नाही, घाबरलेला माणूस काहीही बोलतो, त्या दिवशी मीही नावाड्याला नको नको ते बोलले. पण आकडा त्यांनी घाबरून खोडला नाही. खुर्चीत बसून, पंख्याखाली, सावकाश खोडला. एक मीटर दहा कळलं असतं तर आम्ही जुलैतच सामान हलवलं असतं. भांडी, मशीन, आईचा फोटो.

मला वाटलं, आता ती माळ्यावरून बिऱ्हाड काढणार. तसं ती बोललीही, पण कुठे जायचं ते तिलाही सुचेना, म्हणून पुन्हा खाली बसली.

भावोजी केव्हाचे दारात येऊन उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते म्हणाले की धाकट्याला येऊ नको असं कळवू का. तर ती म्हणाली, का म्हणून? येऊ दे. पाहणी त्यांचीच आहे. फक्त कचेरीच्या तंबूत बसून करायची नाही म्हणावं. माझं घर गेलं, पण जोतं तेवढं राहिलंय. त्याच्यावर बसा आणि तिथून मोजायला लागा. शब्द नकोत, आकडे घाला, आणि प्रत्येक पान मला वाचून दाखवा.

सोमवारी सकाळी सातच्या नावेने ती तुला घेऊन जाणार आहे. चहाचं विचारू नकोस. मी सोबत येत नाही, तुझी कड घ्यायचा मोह होईल.

आमचा लोभ आहेच. समोरच्या काठाचा तुला मिळवावा लागेल.

तुझी,
ताई